चंद्र आपल्या गावचा, वेळ मुंबईची!

संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्रोदयानंतर, चंद्रास अर्घ्य देऊन सोडावयाचा, ह्याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. परंतु हा चंद्रोदय कोठला, असे विचारले असता पुष्कळ मंडळी निरुत्तर होतात. दिनदर्शिकेत मुंबईची म्हणून जी वेळ छापलेली असते, किंवा मुंबईच्या आप्तांकडून जी मोबाईलवर येते, तीच शास्त्राची वेळ असे गृहीत धरले जाते. ह्या समजुतीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूरचे उदाहरण घेऊ. तेलंगणाच्या उत्तर सीमेवरचा हा भाग. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा मराठवाडा एका राज्यात गेला आणि आदिलाबादचा बहुतेक भाग दुसऱ्या. सीमा बदलली तरी नदीच्या दक्षिण तीरावरची मराठी घरे आणि त्यांची व्रतवैकल्ये जागची हलली नाहीत. आकाश तर कोणत्याच राज्याचे नव्हे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर चंद्र एकाच वेळी उगवतो. मुंबईस मात्र तो तेव्हा उगवलेला नसतो.

हिशेब साधा आहे. मुंबई सुमारे ७२.८ पूर्व रेखांशावर, तर भीमपूरचा परिसर सुमारे ७८.४ वर. एका अंशास दहा पळे, म्हणजे चार मिनिटे. दोन्हींचे अक्षांश जवळजवळ सारखे, म्हणून भीमपुरास चंद्र मुंबईच्या आधी सुमारे बावीस मिनिटे उगवतो व तितकाच आधी मावळतो. ह्यासच आपले ज्योतिषी देशांतर संस्कार म्हणत. उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून आपले गाव किती पूर्वेस वा पश्चिमेस, हे पाहिल्यावाचून जुना गणक स्थानिक वेळ सांगत नसे. ही पाश्चात्त्यांची उसनवारी नव्हे. आपल्याच घरची विद्या आहे.

प्रतिपक्षाचा पहिला मुद्दा असा की, सर्व हिंदूंनी एकच वेळ पाळावी, त्यात ऐक्य आहे. आम्ही विचारतो, ऐक्य व्रतात की घड्याळात? आपल्या क्षितिजावर उगवलेल्या चंद्रास प्रत्येकाने अर्घ्य द्यावे, हा नियमच सर्वांस एक करणारा आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशासाठी एक पंचांग सुचविले, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. त्या राष्ट्रीय पंचांगाचे गणितही ८२।। पूर्व रेखांशावरील एक मध्यवर्ती स्थान धरून केलेले असते, आणि तेथील उदयास्त आपल्या गावी लावताना संस्कार करावाच लागतो. देशाच्या पंचांगास जे कबूल, ते आम्हांस का नसावे?

दुसरा मुद्दा : बावीस मिनिटांनी काय बिघडते? भीमपूरच्या उपवाशी आजीबाई बावीस मिनिटे अधिक थांबल्या, तर व्रतभंग होत नाही, हे खरे. परंतु उलट बाजूने पाहावे. तिच्या मुंबईतल्या लेकाने आईच्या गावची वेळ पाळली, तर तो न उगवलेल्या चंद्रास अर्घ्य देईल. शिवाय चंद्रोदयी चतुर्थी असावी, हाच संकष्टीचा निकष. त्या बावीस मिनिटांतच तृतीया संपून चतुर्थी लागली, तर मुंबईच्या उदयास चतुर्थी आणि भीमपूरच्या उदयास तृतीया, असे होईल. प्रसंग क्वचित येतो. पण आला म्हणजे मिनिटांचा नव्हे, व्रताच्या दिवसाचाच प्रश्न उभा राहतो.

तिसरा आक्षेप भाविकांचा : पूर्वज कोठे घड्याळ पाहत होते? नव्हते पाहत, कारण ते चंद्र पाहत होते! आता आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले असते, शहरात इमारती आडव्या येतात. तेव्हाच छापील वेळेची गरज पडते, आणि म्हणूनच ती आपल्या गावची हवी.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. उत्साहाच्या भरात कोणी तिथीच्या समाप्तीतूनही बावीस मिनिटे वजा करील, तर तो मोठाच घोटाळा होईल. तिथी म्हणजे सूर्यचंद्रांतील बारा अंशांचे अंतर. ते साऱ्या भारतात एकाच क्षणी पुरे होते. केसलापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येस सुरू होते; ती अमावास्या मुंबईसही त्याच क्षणी संपते. तिथी आकाशाची, उदय क्षितिजाचा, हा भेद ध्यानात धरावा. गोमंतकातील वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावे : पणजी मुंबईच्या पूर्वेस एक अंशच असली तरी सुमारे साडेतीन अंश दक्षिणेस आहे, म्हणून तेथील फरक चंद्राच्या उत्तर-दक्षिण गतीप्रमाणे महिनाभर बदलत राहतो. तेथे एकच ठरीव आकडा चालणार नाही.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक देवस्थान समितीने दर महिन्याच्या शुक्ल प्रतिपदेस आपल्या गावच्या चंद्रोदय-चंद्रास्ताचा तक्ता सभामंडपात लावावा. शुक्ल अष्टमीस चंद्र मध्यान्हीच्या सुमारास उगवतो, पौर्णिमेस सूर्यास्ताच्या सुमारास, कृष्ण अष्टमीस मध्यरात्रीच्या. रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा. कृष्ण अष्टमीच्या आसपास एका तारखेस चंद्रोदयच नसतो. तेथे रेघ दिसली की ती छपाईची चूक समजू नये. आदल्या तारखेचा उदय मध्यरात्रीपूर्वी झालेला असतो, पुढचा मध्यरात्र उलटल्यावर होतो, इतकेच.

हा तक्ता भीमपुरात लागला, तर तो मराठी घरांपुरताच उपयोगी पडणार नाही. तेलुगू शेजाऱ्याचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येस संपतो, आणि त्याच्या अंगणातही चंद्र त्याच घटकेस येतो. मुंबईकडे कान लावून बसण्यापेक्षा पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे, हे अधिक शास्त्रोक्त आहे, आणि अधिक स्वाभिमानाचेही.