आज संध्याकाळी एक दार वाजवा

पुणे, २३ एप्रिल २०२१

गेल्या गुरुवारी आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या. एक त्या दिवशीची, एक आदल्या दिवशीची. आदल्या दिवशीची उन्हाने फुगली होती. आत पंच्याऐंशीचे आजोबा एकटे राहतात. मुलगा मेलबर्नला. तो रोज फोन करतो, त्या दोन्ही दिवशीही केला होता. "बरा आहे रे, तू काळजी करू नकोस," हेच त्याला ऐकू आलं. शेजारच्या वहिनींकडे किल्ली होती म्हणून आत जाता आलं. आजोबा खुर्चीत बसलेले होते. ताप नाही, खोकला नाही, दमही लागलेला दिसत नव्हता. फक्त आज वार कोणता, ते त्यांना सांगता येईना. ऑक्सिमीटरवर आकडा आला ८६.

रात्री उशिरा रुग्णालयात खाट मिळाली. आजोबा अजून ऑक्सिजनवर आहेत. काल त्यांनी मऊ भात मागितला, असं कळलं. पण आदल्या दिवशीची पिशवी मीही पाहिली होती आणि तसाच जिना उतरून गेलो होतो. तो एक दिवस वाया गेला, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणूनच हे आवाहन करतो आहे.

तुमच्या मजल्यावर, वाड्यात, गल्लीत, वाडीवर जिथे साठीपुढचं माणूस एकटं राहत असेल किंवा दोघंच राहत असतील, तिथलं एक दार तुम्ही स्वतःकडे घ्या. 'आपण सगळे लक्ष ठेवू' असं ठरवलं की कोणीच ठेवत नाही, हे आम्ही अनुभवलं. एका दाराला एक माणूस, नावानिशी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नीट मास्क लावून, दाराबाहेर, चार हात लांब उभं राहून त्यांना डोळ्यांनी पाहायचं. फोन जरूर करा, पण त्यावर थांबू नका. आपल्या आईवडिलांच्या पिढीला 'मला बरं वाटत नाही' म्हणायची सवयच नाही. पोराला परदेशात घोर नको, शेजाऱ्याला त्रास नको, म्हणून ही माणसं अंगावर काढतात.

काय पाहायचं? म्हातारपणात शरीर तापाने बोलतंच असं नाही. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज वाक्य अर्धवट सोडते, जेवणाला हात लावत नाही, दिवसभर झोपून राहते, न्हाणीघरात तोल जाऊन पडते, अंथरूण ओलं होतं. 'वयच झालं' म्हणून यातलं काहीही सोडून देऊ नका. कोरोनाची सुरुवात अशीही होते. रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असताना माणूस शांतपणे पेपर वाचत बसू शकतो, म्हणून ऑक्सिमीटर हवा. प्रत्येक घराला परवडत नाही. इमारतीत किंवा गल्लीत मिळून एक घ्या आणि दर वेळी पुसून वापरा. पाच मिनिटं स्वस्थ बसवून, हात गार असेल तर चोळून, मग बोट घाला. बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली दिसला तर दुसऱ्या बोटाला लावून पाहा आणि तोच आला तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टर, पालिकेची कोविड वॉर रूम, १०८, जे आधी लागेल ते लावा. तोवर त्यांना पालथं किंवा कुशीवर झोपवा, जमेल तसं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवरून स्टिरॉइड देऊ नका. मधुमेह असलेल्या माणसाची साखर त्याने भलतीच वर जाते.

बीपीच्या, साखरेच्या, हृदयाच्या गोळ्या संपत आल्यात का, हे आठवड्यातून एकदा विचारा. दुकानापर्यंत जायला नको म्हणून एक दिवसाआड गोळी घेणारे दोघे मला या महिन्यात भेटले. पाण्याचंही तसंच. एप्रिलचं ऊन आहे आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. समोर भांडं भरून ठेवलं तरच पाणी प्यायलं जातं.

आता लशीचं, कारण त्याला तारीख आहे. १ मार्चपासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली. तेव्हा पहिला डोस घेतलेल्यांची दुसऱ्याची वेळ आत्ता आली आहे, आणि नेमका आत्ताच केंद्रांवर साठा अपुरा पडतो आहे. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार. ती व्हायलाच हवी. पण तरण्या मुलामुलींनो, मोबाइलवर तुमची बोटं जितक्या वेगाने चालतात तितक्या वेगाने आजीची चालत नाहीत. लसनोंदणीच्या कोविनवर सध्या (एप्रिल २०२१) एका मोबाइल नंबरवर चौघांची नोंद होते. तुमच्या नंबरवर एक जागा शेजारच्या आजीसाठी ठेवा. केंद्रावर घेऊन जा, बरोबर खुर्ची, पाण्याची बाटली आणि आधार कार्ड घ्या. पहाटेपासून रांगेत उभं राहून 'आज लस नाही' ऐकत परत फिरलेली सत्तरीची माणसं मी पाहिली आहेत. निघण्याआधी केंद्रावर चौकशी करणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

सोसायट्यांच्या अध्यक्षांना आणि सेक्रेटरींना हात जोडून सांगतो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे येणारी मावशी फाटकावर अडवू नका. तिला चांगला मास्क द्या, हात धुवायला साबण द्या, तिच्या घरी कोणी आजारी असेल तर पगारी रजा द्या. पण तिला अडवलंत तर त्या माणसाची कूस कोण बदलणार?

आणि ज्यांची मुलं मुंबई-पुण्यात आहेत, अशा कोकणातल्या, साताऱ्याकडच्या गावांत तर आळीच्या आळी म्हाताऱ्यांची आहे. तिथे आशाताई एकटी किती उंबरे चढणार? गावातल्या तरुण मंडळांनी यंदा जत्रेसाठी काढलेली वर्गणी असेल तर ती औषधं आणि गाडीच्या डिझेलला लावा. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला बँकेत गर्दीत उभं राहावं लागतं, तिथे कोणी तरी बरोबर जा.

एक गोष्ट मला फार बोचते. गेल्या वर्षी देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस गुढीपाडव्याचा होता. यंदाचा पाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी निर्बंध आणखी कडक झाले. म्हणजे दोन पाडवे ही माणसं घरात आहेत. कट्टा बंद, विरंगुळा केंद्र बंद, बरोबरीचे एकेक जाताहेत आणि त्यांच्या शेवटच्या दर्शनालाही जाता येत नाही. 'काळजी घ्या, बाहेर पडू नका' याखेरीज त्यांच्याशी कोणी काही बोलत नाही. दारात उभे राहाल तेव्हा पाच मिनिटं थांबा. लोणच्याचं प्रमाण विचारा, जुनी पावती कशी वाचायची ते विचारा. जे धडधाकट आहेत त्यांना कामच द्या. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एकोणऐंशी वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका रोज सकाळी नऊला दहा जणांना फोन लावतात, हजेरी घेतल्यासारखा. ज्याने उचलला नाही, त्याच्या मजल्यावरच्या माणसाला लगेच निरोप जातो.

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक कागद लावला आहे. डावीकडे घराचा क्रमांक, उजवीकडे दार घेणाऱ्याचं नाव आणि फोन. प्रत्येक ज्येष्ठ माणसाच्या दाराच्या आतल्या बाजूला दुसरा कागद: गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा नंबर, मुलांचा नंबर, फाइल कुठल्या कपाटात आहे ते. एक किल्ली शेजारी. हे सगळं करायला आम्हाला दीड तास लागला. आज शुक्रवार आहे. तुमचा कागद उद्या सकाळचं दूध यायच्या आत लागू दे.