लाटांची वीज आणि आपली धरसोड

केरळातल्या विझिंजमच्या मासेमारी बंदरात 1991 साली समुद्राच्या लाटांपासून वीज तयार होऊ लागली. आयआयटी मद्रासच्या अभियंत्यांनी लाटा अडवणाऱ्या भिंतीला, म्हणजे ब्रेकवॉटरला, लागून काँक्रीटची पोकळ कोठी उभारली होती. लाट आत शिरली की कोठीतली हवा वर रेटली जाई, ओसरली की मागे खेचली जाई आणि हवेच्या या येरझाऱ्यांवर टर्बाइन फिरे. क्षमता 150 किलोवॉट. असे प्रयोग तेव्हा जगात मोजकेच होते. 2011 मध्ये तो संच बंद झाला. त्याच वर्षी स्पेनमधल्या मुत्रिकू बंदराच्या भिंतीत याच तत्त्वावरची 16 टर्बाइन सुरू झाली.

मुत्रिकूचा आकडाही प्रामाणिकपणे सांगायला हवा. तिथे 20 लाख युनिटचा टप्पा गाठायला 2020 उजाडले. मोठी पवनचक्की एवढी वीज वर्षाच्या आत देते. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणून दोन मीटरच्या लाटेवर कमाई करणाऱ्या यंत्राला दहा मीटरच्या लाटेचा निदान पंचवीसपट मारा सोसावा लागतो. खर्च चढतो तो इथे. पोर्तुगालजवळ 2008 मध्ये खोल पाण्यात सोडलेली पेलॅमिस या कंपनीची तीन यंत्रे काही महिन्यांतच किनाऱ्यावर आणावी लागली, आणि 2014 मध्ये कंपनीच बुडाली.

तरीही कोकणाने या विजेकडे पाठ फिरवू नये. पावसाळ्यात आभाळ भरून येते, सौरवीज घटते आणि नेमक्या त्याच दिवसांत अरबी समुद्र सर्वाधिक उसळतो. अडचणही तिथेच आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. अशा दर्यात खोल पाण्यातले यंत्र बिघडले तर दुरुस्तीला जाणार कोण? ब्रेकवॉटरमधल्या टर्बाइनपर्यंत पोचायला होडी लागत नाही. शिवाय ती भिंत बंदरासाठी बांधावीच लागते, त्यामुळे काँक्रीटचा मोठा खर्च एकट्या विजेच्या माथी बसत नाही. आपल्या किनाऱ्याला मानवेल असा मार्ग मला तरी हाच दिसतो.

केंद्र सरकारने 2019 मध्ये सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. देशाच्या किनाऱ्यावर लाटांपासून सुमारे 40 हजार मेगावॉट मिळू शकतील, हा अंदाज कागदावरचा आहे. प्रत्यक्षात 2022 मध्ये तुतिकोरिनजवळ आयआयटी मद्रासनेच सोडलेले ‘सिंधुजा’ हे तरंगते यंत्र 100 वॉटचे होते. यंत्राचा प्रकार वेगळा आहे, मान्य. पण तीस वर्षांपूर्वी 150 किलोवॉटपर्यंत पोचलेल्या देशाने पुन्हा 100 वॉटपासून सुरुवात करावी, याचा दोष समुद्राला देता येणार नाही.

महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाने कोकणात पुढचे ब्रेकवॉटर हाती घेताना लाटांची मोजणी करून, मच्छीमारांना विश्वासात घेऊन, निदान एका भिंतीत अशा कोठ्या ठेवाव्यात. आणि दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा बांधकामाआधीच बाजूला काढावा.