भिंतीआडचे अर्थिंग : नियम आहेत, पडताळणीचे काय?

देशातील प्रत्येक घरापर्यंत वीज पोहोचविण्याच्या उद्देशाने सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत अडीच कोटींहून अधिक घरांना वीजजोडणी मिळाली. ही कामगिरी मोठी आहे. मात्र याच काळातील एक दुसरी आकडेवारी अस्वस्थ करणारी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१८ ते २०२१ या काळात विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडणाऱ्यांची संख्या दरवर्षी १२ हजारांहून अधिक होती. शेतातील पंप, तुटलेल्या वाहिन्या, बांधकामे अशा सर्वच ठिकाणच्या दुर्घटना यात येतात. तरीही घराच्या चार भिंतींआड होणारे अपघात त्यातून वगळता येत नाहीत. या अपघातांमागील एका कारणाची चर्चा क्वचितच होते. ते म्हणजे गिलाव्याखाली दडलेल्या तारांचे रक्षण करणाऱ्या धातूच्या भागांचे अपुरे किंवा तुटलेले अर्थिंग.

पूर्वी भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून त्यावरून तारा नेल्या जात. पुढे तारा भिंतीच्या आत गेल्या आणि त्यांच्या रक्षणासाठी लोखंडी पाइप वापरात आले. गेल्या काही दशकांत घरगुती वायरिंगमध्ये लोखंडी पाइपांची जागा पीव्हीसीच्या पाइपांनी घेतली. ते गंजत नाहीत, स्वस्त पडतात आणि स्वतः वीजवाहक नसतात. त्यामुळे आता अर्थिंगची चिंता उरली नाही, असा समज पसरला. प्रत्यक्षात भिंतीतील धातू संपलेला नाही. स्विचबोर्डमागील जस्तलेपित पत्र्याच्या पेट्या, पंख्यासाठी छतात बसविलेल्या लोखंडी पेट्या आणि जुन्या पाइपांचे उरलेले तुकडे तेथेच आहेत. पाइप लोखंडी असताना या पेट्या त्याच्याशी जोडलेल्या असत आणि पाइपामार्फत अर्थिंग त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. मधला पाइप प्लॅस्टिकचा झाला की ही साखळी तुटते. अशा प्रत्येक पेटीपर्यंत हिरवी अर्थ वायर स्वतंत्रपणे नेणे आवश्यक असते. अनेक ठिकाणी ही वायर सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रापर्यंत जाऊन थांबते आणि पेटी तशीच राहते.

यातील धोका समजण्यास सोपा आहे. तसबीर लावण्यासाठी ठोकलेला खिळा किंवा ड्रिलचे टोक तारेचे आवरण भेदते, अथवा पेटीच्या धारेवर घासून फेजच्या तारेचे आवरण झिजते. तार धातूला टेकते आणि त्या धातूवर २३० व्होल्टचा दाब येतो. अर्थिंग नसल्यामुळे प्रवाहाला वाट मिळत नाही, फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही. दिवे चालू राहतात आणि कोणाला काही जाणवत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, स्विचबोर्डच्या स्क्रूला कोणाचा ओला हात लागला, की मग ही वाट माणसाच्या शरीरातून तयार होते.

भिंतीतील प्रत्येक धातूच्या तुकड्याला अर्थिंग हवेच, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये घरगुती वायरिंगसाठी दुहेरी आवरणाच्या चपट्या केबल वापरतात. गिलावा करताना थापीचा मार लागू नये म्हणून त्यांच्यावर पातळ पत्र्याची पट्टी ठोकतात. ही पट्टी पूर्णपणे गिलाव्याखाली जाते, तिला कोणाचा स्पर्श होत नाही आणि केबलला स्वतःचे बाह्य आवरण असते. त्यामुळे तिचे अर्थिंग सामान्यतः केले जात नाही. खिळ्यापासूनचा धोका तेथे वेगळ्या मार्गाने हाताळला जातो. भिंतीत ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवर असलेल्या घरगुती केबलसाठी गळती ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण २००८ पासूनच्या मानकात सामान्यतः अपेक्षित आहे. भारतातील पद्धती निराळी आहे. येथे एकेरी आवरणाच्या सुट्या तारा पाइपातून ओवल्या जातात. पाइप किंवा पेटी धातूची असेल तर तार आणि तो धातू यांच्यामध्ये आवरणाचा एकच थर असतो. म्हणूनच धातूच्या पाइपांचे सर्व जोड विद्युतदृष्ट्या अखंड असावेत आणि ते अर्थिंगला जोडलेले असावेत, हे तत्त्व येथे प्राणरक्षक ठरते.

तथापि केवळ तार जोडल्याने प्रश्न सुटत नाही. समजा, इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १० ओहम आहे. धातूला फेज टेकल्यास २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून सुमारे २३ अँपिअर प्रवाह वाहील. सोळा अँपिअरची एमसीबी एवढा प्रवाह जवळजवळ तासभरही चालू देऊ शकते. तेवढा वेळ तो धातू आणि त्याच अर्थ वायरशी जोडलेली फ्रिज, गिझर, धुलाई यंत्र यांची कवचे जिवंत राहतात. खड्डा कोरडा पडला किंवा मुख्य जोड गंजला, तर एका ठिकाणचा दोष घरभर पसरतो. काही ठिकाणी खड्ड्याचा खर्च वाचविण्यासाठी अर्थची तार न्यूट्रलला जोडली जाते. हा प्रकार आणखी घातक आहे. न्यूट्रल तुटताच सर्व उपकरणांच्या कवचांवर फेजचा दाब येऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे आरसीसीबी. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहांत फरक पडताच ते सेकंदाच्या एका अंशात वीज तोडते. ओल्या शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. म्हणूनच माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा मानली जाते. अर्थिंग आणि आरसीसीबी हे एकमेकांचे पर्याय नाहीत. अर्थिंग असेल तर दोष निर्माण होताच वीज तुटते. ते नसेल तर उपकरण जागे होण्यासाठी कोणाला तरी धक्का बसावा लागतो.

नियमांचा अभाव नाही. भारतीय मानक ब्यूरोचे अर्थिंगविषयक मानक आयएस ३०४३ हे २०१८ मध्ये आणि वायरिंगविषयक मानक आयएस ७३२ हे २०१९ मध्ये सुधारण्यात आले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. मात्र २०१० च्या विनियमांत कमी भाराच्या घरगुती जोडण्यांना गळतीरोधक उपकरणातून सूट होती. सौभाग्य योजनेतून प्रकाशमान झालेली असंख्य लहान घरे याच वर्गात मोडत होती. ज्या घराची भिंतच पत्र्याची आहे, तेथे तारेचे आवरण फाटले तर संपूर्ण भिंत जिवंत होते. ज्यांना या संरक्षणाची गरज अधिक, त्यांच्यापर्यंतच ते पोहोचले नाही, ही यातील विसंगती आहे.

खरी उणीव पडताळणीची आहे. नवी जोडणी देताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल घेतला जातो. त्यानंतर घराचे नूतनीकरण होते, भिंती फोडल्या जातात, वातानुकूलन यंत्रे येतात, भाडेकरू बदलतात. भिंतीआडची साखळी अखंड आहे की नाही, हे पुन्हा तपासले जाईलच याची शाश्वती नसते. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून अनेकजण निश्चिंत होतात. ते बटण फक्त उपकरणाची यंत्रणा तपासते. घराचे अर्थिंग शाबूत असल्याची ग्वाही त्यातून मिळत नाही. त्यासाठी परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक धातूच्या पेटीपासून मुख्य अर्थपर्यंतची सलगता आणि अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा लागतो. हे काम फार वेळखाऊ किंवा खर्चिक नाही.

घराची खरेदी-विक्री, भाडेकरार किंवा भार वाढविण्याचा अर्ज अशा प्रसंगी या मोजणीचा अहवाल बंधनकारक करता येईल काय, याचा विचार राज्य सरकारे आणि वीज वितरण कंपन्यांनी करावयास हवा. लहान घरांना आरसीसीबी सवलतीत देण्याचा मार्गही खुला आहे. वीज घरोघरी नेण्याचा टप्पा देशाने मोठ्या प्रमाणात पार केला. ती वापरणाऱ्याच्या जिवाची हमी भिंतीआडच्या एका हिरव्या तारेवर अवलंबून आहे आणि ती तार जागेवर आहे की नाही, हे मोजणीशिवाय कळत नाही.