चित्रफीत आहे, वाचणारा नाही : कोडेकचा इतिहास आणि उद्याचे दफ्तर

१/ मोडी पत्रात तारीख पुष्कळदा ‘छ ५ रजब’ अशी येते. जाणकाराला त्यातून रजब महिन्याचा पाचवा चंद्र कळतो; नवख्याला ‘छ’ हे निव्वळ अक्षर दिसते. कागद शाबूत असतो, शाईही शाबूत असते, फक्त वाचण्याची रीत ठाऊक नसते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या संगणकीय चित्रफितींवर आज हीच वेळ आली आहे. #धागा

२/ मुळात ही सांकेतिक रीत लागली कशाला? ६४० × ४८० ठिपक्यांचे एक रंगीत चित्र साध्या पद्धतीने साठवायचे तर सुमारे ९ लाख २२ हजार बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे धरली तर २३ मेगाबाइट होतात. म्हणजे ६५० मेगाबाइटच्या सीडीवर जेमतेम २८ सेकंद मावतील. संक्षेप ही चैन नव्हती, निकड होती.

३/ संक्षेपाची युक्ती मोडी लेखनिकाच्या ओळखीची आहे. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांना संकेत ठाऊक असला की ‘राजश्री’ऐवजी ‘रा॥’ पुरते. चित्रफितीतही मागच्या चित्रातील जे बदलले नाही ते पुन्हा लिहीत नाहीत. डोळ्याला सहसा जाणवत नाही असा तपशील वगळतात. हा संक्षेप करणारी आणि उलगडणारी जोडगोळी म्हणजे कोडेक.

४/ येथे एक गोंधळ नेहमी होतो. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेले ‘एव्हीआय’ हे कोडेक नव्हे. तो दफ्तरातला रुमाल आहे. रुमालात मोडी कागद बांधलेत की फारसी, हे बाहेरून कळत नाही. आतील लिपी कोणती, हे एव्हीआयच्या आरंभी चार अक्षरी खुणेने नोंदलेले असते : ‘सीव्हीआयडी’ म्हणजे सिनेपॅक, ‘आयव्ही५०’ म्हणजे इंडिओ.

५/ आता दोन नशिबे पाहा. एमपेग-१ चे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. रीत लेखी स्वरूपात उपलब्ध झाली. दोन तबकड्यांत चित्रपट देणारी व्हिडिओ सीडी त्यावरच उभी होती, आणि त्या फायली आजही विनातक्रार चालतात. इंडिओ ही मात्र इंटेलची खासगी रीत. २००० मध्ये ती दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि पुढे विंडोजनेही तिची साथ सोडली. फायली होत्या तिथेच राहिल्या. वाचणारा निघून गेला.

६/ लोकांनी यावर आपापले मार्ग काढले. मायक्रोसॉफ्टच्या एका एमपेग-४ कोडेकला एव्हीआयच्या रुमालात बसण्याची मनाई होती. १९९९ च्या सुमारास जेरोम रोता या फ्रेंच तरुणाने ती मोडून काढली आणि ‘डिव्हएक्स’ जन्मले. पुढे खुल्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांनी तेच नाव उलटे लिहिले : ‘एक्सव्हिड’.

७/ खरी कामगिरी मात्र त्यानंतरची. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये ‘एफएफएमपेग’ सुरू केले. पॅरिसजवळच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेले ‘व्हीएलसी’ २००१ मध्ये खुल्या परवान्याखाली आले. इंडिओ आणि रिअलव्हिडिओ यांसारख्या बंद रीती स्वयंसेवकांनी बाइटमागून बाइट तपासून उलगडल्या. हे लिपी उलगडण्याचेच काम आहे. शिलालेख वाचणाऱ्याला इतिहासकार जो मान देतात, त्या मानाचे हे लोकही धनी आहेत.

८/ म्हणून ‘योग्य कोडेक शोधणे’ ही किरकोळ तांत्रिक कटकट नव्हे, ती साधनचिकित्सा आहे. तिचा क्रमही तोच. आधी ‘मीडियाइन्फो’सारख्या साधनाने आतील लिपी ओळखावी, मग व्हीएलसीत फाईल चालवून पाहावी, तरीही चालली नाही तर त्या नेमक्या नावाचा कोडेक विश्वासू ठिकाणी शोधावा. वाटेत दिसेल तो ‘कोडेक पॅक’ उतरवणे म्हणजे बनावट सनदेवर विश्वास ठेवणे. ‘झ्लॉब’ हा घातक प्रोग्राम २००५ च्या सुमारापासून कोडेकचेच सोंग घेऊन संगणकांत शिरत होता.

९/ यावर एक आक्षेप येतो : सगळ्या जुन्या फायली आजच्या स्वरूपात बदलून टाकाव्यात, प्रश्न संपला. तो संपत नाही. बहुतेक कोडेक दर पुनर्लेखनात थोडा तपशील गमावतात. बदललेली प्रत ठेवून मूळ फाईल पुसणे म्हणजे बाळबोध लिप्यंतर करून मोडी कागद जाळणे. नुसता रुमाल बदलला तर हानी नाही. आतील अक्षर बदलले की मूळ साधन गेले.

१०/ मग करावे काय? मूळ फाईल जशीच्या तशी जपावी आणि पाहण्यासाठी वेगळी प्रत काढावी. पुनर्लेखन अटळच असेल तर काहीही न गमावणारे आणि पूर्ण वर्णन जाहीर असलेले कोडेक घ्यावे. ‘एफएफव्ही१’ तसे आहे. त्याचे वर्णन २०२१ मध्ये इंटरनेटच्या मानकसंस्थेने प्रसिद्ध केले. जागा जास्त लागते हे खरे. पण दफ्तर कधी जागेच्या हिशेबाने राखायचे नसते.

११/ आणि ही गोष्ट केवळ सरकारी अभिलेखागारांची नाही. घरातल्या लग्नाच्या सीडी, गावच्या जत्रेचे चित्रण, आज हयात नसलेल्या आजीचा आवाज : उद्याच्या सामाजिक इतिहासाची साधने हीच आहेत. त्यांना वाळवी लागत नाही, म्हणून धोका दिसत नाही.

१२/ मोडी व्यवहारातून गेली तरी तिची रीत पुस्तकांत उतरली होती, शिकवणारे उरले होते. म्हणून पेशवे दफ्तर आजही बोलते. बंद कोडेकची रीत मालकाच्या तिजोरीत असते आणि मालक दुकान बंद करू शकतो. सार्वजनिक पैशातून होणारे प्रत्येक चित्रण खुल्या, लेखी वर्णन असलेल्या रीतीतच जतन व्हावे, ही मागणी संगणकतज्ज्ञांच्या आधी इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी करायला हवी. वाचता न येणाऱ्या कागदाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक आहे?