रस्त्यावरच्या गायक-वादकांसाठी चाकूरकरांस जाहीर आवाहन



तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका या दोन आदिशक्तींच्या दरम्यान पसरलेल्या मुलखात आपले गाव वसलेले आहे, ही गोष्ट नित्याच्या धबडग्यात आपण विसरलो असलो तरी देवीचा गोंधळ घालणारे गोंधळी ती विसरलेले नाहीत. भवानीचे ते कदमराई आणि रेणुकेचे ते रेणुराई, असे त्यांचे दोन भेद पूर्वापार चालत आलेले. आणि या दोन्ही ठाण्यांची नावे घेऊन देवतांना गोंधळास येण्याचे आमंत्रण देणे हा त्यांच्या विधीचा आरंभ. त्यात भर म्हणून, लातूर-नांदेड रस्त्याने अहमदपूर मागे टाकून लोह्याच्या दिशेने गेले की खंडोबाचे माळेगाव लागते, जेथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून यात्रा भरते व वाघ्या-मुरळींपासून शाहिरांपर्यंत अवघा लोककलावंत गोळा होतो. त्या यात्रेला लातूरकडून जाणारी मंडळी आपल्याच वेशीवरून पुढे जातात.

गेल्या मार्गशीर्षात अशीच एक चार जणांची मंडळी दिवेलागणीच्या सुमारास बसस्थानकाजवळ थांबली होती. हवेत गारठा असल्यामुळे हलगीचे कातडे सैल पडले होते. तेव्हा हलगीवाल्याने रस्त्याकडेची रद्दी गोळा करून पेटविली, हलगी त्या जाळावर गोल फिरवून शेकली, बोटाने टिचकी मारून नाद पाहिला, मान हलविली, पुन्हा शेकली, आणि तिसऱ्या खेपेस जेव्हा तो खणखणीत उमटला तेव्हाच शेजारच्या संबळवाल्याकडे पाहून डोळ्यांनी खूण केली. कमरेला बांधलेल्या त्या संबळावर वाकड्या टोकाची काठी पडली, तुणतुण्याची एकुलती तार झणाणू लागली, आणि अहमदपूरच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या एका म्हातारीने डोईवरचे गाठोडे खाली ठेवून हात जोडले. शाळकरी मुले सायकली टेकवून उभी राहिली. एवढ्यात एका दुकानदाराने पायरीवरूनच दोन रुपयांचे नाणे धुळीत फेकले आणि ‘घ्या अन् पुढं व्हा’ असे दरडावले. वादकांनी चाललेले पद अर्धवट टाकले नाही. ते पुरे केले, मग साहित्य आवरले आणि निघून गेले. नाणे तेथेच पडून होते. मी तेथे उभा होतो आणि काही बोललो नाही, याची खंत आजही माझ्या मनात आहे.

या एका दुकानदारास दोष देऊन भागणार नाही, कारण कायद्याचीही दृष्टी बराच काळ तीच राहिली आहे. १९५९ सालच्या मुंबई राज्याच्या भिक्षा-प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे व खेळ करून दाखविणे या मिषाने सार्वजनिक जागी दान घेणेही समाविष्ट केले. हाच कायदा दिल्लीस लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील अनेक कलमे घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पोरे पळविणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. दारोदार फिरणाऱ्या माणसास आपण ओळखेनासे झालो, की त्याचा परिणाम कोठवर जातो, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. वस्तुतः गोंधळमहर्षी म्हणून ज्यांचा गौरव झाला ते राजारामभाऊ कदम आपल्या शेजारच्या परभणीचेच. रंगमंचावर ज्या कलेस आपण टाळ्या दिल्या, तीच रस्त्यावर आली की तिला भीक म्हणावे, हा न्याय मला मान्य नाही.

म्हणून माझी अशी विनंती आहे, की येत्या मार्गशीर्ष वद्य द्वादशीची संध्याकाळ आपण सर्वांनी या कलावंतांसाठी राखून ठेवावी. बसस्थानकाच्या परिसरात वाहतुकीस अडथळा होणार नाही अशी जागा नगरपंचायतीने ठराव करून मोकळी करून द्यावी, व पोलीस खात्याने त्यास रीतसर परवाना द्यावा. दुकानदार बंधूंनी त्या दोन घटका आपल्या पायऱ्या बसण्यासाठी रिकाम्या कराव्यात. ध्वनिक्षेपक नको, मंडप नको, भाषणे तर मुळीच नकोत. हलगी शेकण्यापुरता जाळ आणि प्यायला पाण्याची एक घागर एवढे पुरे. शिक्षकांनी मुलांना अवश्य आणावे आणि संबळ व तुणतुणे जवळून पाहू द्यावे, कारण लग्नाच्या वरातीतून डीजेने ही वाद्ये जवळजवळ हद्दपार केली आहेत आणि आपल्या कित्येक मुलांनी ती हातात कधी घेतलेली नाहीत. ज्यांना जे द्यावयाचे असेल, पैसा, पसाभर ज्वारी वा अंगावरचे पांघरूण, ते वादकाच्या हातात द्यावे. जमिनीवर फेकू नये. गाडी सुटत असेल त्याने खुशाल जावे, पण चाललेले पद संपेपर्यंत, शक्य झाल्यास, थांबावे.

मुक्कामाची सोय ज्यांना आपल्या ओसरीवर करता येईल त्यांनी तसे आधी कळवावे. दोन मंडळींची व्यवस्था मी माझ्या घरी करीत आहे. त्याहून अधिक आल्या तर आपले दार उघडे असावे, एवढीच प्रार्थना.

आपला नम्र,
चाकूरचा एक रहिवासी