वाढलेल्या पाण्याचा फसवा दिलासा

२०३५ पर्यंत हिमालयातील हिमनद्या नाहीशा होतील, हे आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालातील विधान चुकीचे ठरले आणि २०१० मध्ये ते मागे घेण्यात आले. त्या घोडचुकीने संशयवाद्यांना आयते कोलीत मिळाले. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या.

बर्फ म्हणजे पाण्याचा साठा, एवढेच सहसा सांगितले जाते. ते अपुरे आहे. हिवाळ्यात पडलेले पाणी राखून ठेवून ते उन्हाळ्यात, नेमके गरजेच्या वेळी सोडणे, हे बर्फाचे मोठे काम. लडाखमध्ये ते स्पष्ट दिसते. लेहला वर्षाकाठी पाऊस आणि हिमवृष्टी मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. शेती सारी बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. पेरणी एप्रिल-मेमध्ये, तर उंचावरच्या हिमनद्या वितळू लागतात जूनच्या सुमारास. हे अंतर भरून काढण्यासाठी अभियंते चेवांग नॉरफेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्यांचे पाणी गावांच्या जवळच अडवून गोठवले. कमी उंचीवरचा हा बर्फ आधी वितळतो. सोनम वांगचुक यांचे हिमस्तूप त्याच विचारातून आले. प्रयोग कौतुकास्पद खरेच. पण ओढ्यालाच पाणी उरले नाही, तर गोठवणार काय?

खरी फसगत पुढेच आहे. हिमनदी आटू लागली की नदीचे पाणी प्रारंभी घटत नाही, उलट वाढते. काही दशके ही सुबत्ता टिकते आणि मग ओहोटी लागते. गंगेच्या मैदानाला पावसाचा आधार आहे; सिंधूच्या खोऱ्याची मदार बर्फावर अधिक. वाढीच्या काळातील प्रवाह कायमचा मानून कालवे व वीजप्रकल्प आखले गेले, तर तो हिशेब उसन्या पैशांवर संसार मांडण्यासारखा होईल.

गोठलेली जमीन डोंगरउतारांना बांधूनही ठेवते. सिक्कीममध्ये ही पकड सुटली. मागे सरलेल्या हिमनदीपाशी वाढत गेलेल्या दक्षिण ल्होनाक सरोवरात काठाचा उतार कोसळला, सरोवर फुटले आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी चुंगथांग येथील १२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. तेच धरण पूर्वीपेक्षा अधिक उंचीचे बांधण्याच्या प्रस्तावाला जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने अनुकूलता दर्शवली.