सुई नवी आहे ना?

आमच्या बचत गटातली एक मुलगी परवा ओढणीत तोंड लपवून आली. लग्न महिन्यावर आलेलं, म्हणून मुरमांच्या खड्ड्यांवर पार्लरमध्ये सुयांचा रोलर फिरवून घेतला. तोच रोलर आधी दुसरीच्या गालावर फिरलेला! मी तिला तडक डॉक्टरांकडे नेलं. आता हळदीआधी पोर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहतेय.

मैत्रिणींनो, मायक्रोनीडलिंग वाईट नाही. बारीक सुयांनी टोचलेली त्वचा भरून येताना कोलॅजेन तयार होतं, खड्डे कमी दिसतात. पण त्याला अनेक बैठका नि काही महिने लागतात. पिकलेली मुरमं किंवा नागीण असताना ते करू नये. जखमेचा वण फुगून वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना आधीच सांगा. सावळ्या त्वचेवर नंतर काळे डाग पडू शकतात, म्हणून उन्हाला जपा.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये अशाच सुयांच्या फेशियलमधून स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. त्याची चौकशी २०१८ मध्ये सुरू झाली.

‘सुई माझ्यासमोर पाकिटातून काढा’ असं म्हणायला लाजू नका. मेथीची जुडी आपण उलटून-पालटून घेतो. चेहरा काय त्याहून स्वस्त आहे?